खकक्षा: आकाशाच्या काठाची कुळकथा

मांजरा नदी बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून बीदरकडे जाते, तेलंगणात वळण घेते आणि नांदेडच्या सीमेला लागून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. या संगमापासून बोधन दूर नाही. अश्मक जनपदाची राजधानी पोतन किंवा पौदन्य म्हणजे हेच बोधन, असे बरेच इतिहासकार मानतात. आजच्या नांदेड-लातूरचा मुलूख साधारणपणे या अश्मकातच मोजला जातो. विश्वाची कड कुठे आणि तिच्या पलीकडे काय, या प्रश्नाला भारतीय ज्योतिषाने जे आकडी उत्तर दिले त्याचे नाव खकक्षा, म्हणजे आकाशाचा परीघ. या उत्तराचे कूळ शोधत मागे गेले की वाट अश्मकापाशी येते.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ रचले. त्यात कुसुमपुराचा उल्लेख आहे, जन्मगावाचा नाही. त्याचा जन्म अश्मकात झाला, असे केरळचा भाष्यकार नीलकंठ पुढे सांगतो, आणि त्याच्याही पुष्कळ आधी सातव्या शतकातला भाष्यकार पहिला भास्कर या परंपरेला अश्मकाच्याच नावाने ओळखतो. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो, कारण खकक्षेचा हिशेब आर्यभटाने केला आणि तिचा खरा अर्थ या भास्कराने सांगितला.

हिशेबाची रीत अशी. सगळे ग्रह आकाशात सारख्याच वेगाने चालतात असे गृहीत धरायचे. शनी संथ दिसतो तो त्याची वाट लांब आहे म्हणून, चंद्र चपळ दिसतो तो त्याची वाट आखूड म्हणून. मग एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, प्रत्येक ग्रहाची एकूण चाल सारखीच भरणार. चंद्राच्या कक्षेची एक कला १० योजनांची, म्हणून २१,६०० कलांची पूर्ण कक्षा २,१६,००० योजनांची. महायुगात चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६. या दोहोंचा गुणाकार १,२४,७४,७२,०५,७६,००० योजने. हीच खकक्षा. तिला कोणत्याही ग्रहाच्या फेऱ्यांनी भागले की त्या ग्रहाची कक्षा निघते. म्हणजे आकाशाचा परीघ हा आर्यभटाच्या हातातला चालता भाज्याचा आकडा होता. त्यावर पुढचे सारे गणित उभे होते.

सारख्या वेगाचे गृहीतक चुकीचे होते. सूर्यापासून दूरचा ग्रह खरोखरच सावकाश चालतो, हे सतराव्या शतकात केप्लरच्या नियमांनी स्पष्ट झाले. तरी या पद्धतीचा पहिला टप्पा किती नेटका होता ते बघा. आर्यभटाच्या पृथ्वीचा व्यास १,०५० योजने. त्या मापाने चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साडेपासष्ट पट येते, खरे अंतर सुमारे साठ पट आहे. त्याच योजनेने खकक्षेची त्रिज्या काढली तर ती अडीच प्रकाशवर्षांच्या आसपास भरते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. आर्यभटाचे आकाश त्या ताऱ्याच्या अलीकडेच संपते.

पण संपते म्हणजे काय? इथे पहिला भास्कर येतो. त्याने ६२९ मध्ये ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिले. लीलावतीचा भास्कराचार्य सगळ्यांना ठाऊक असतो, हा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न सरळ आहे: आकाश जर अमर्याद आहे, तर त्याचा परीघ सांगायचा कसा? आणि त्याचे उत्तर असे, की सूर्याचे किरण चहूबाजूंनी जेवढा प्रदेश उजळतात तेवढ्याच प्रदेशाचा हा परीघ आहे. त्याच्या पलीकडे आकाश आहेच, पण ते अपरिमित असल्यामुळे त्याचे माप सांगता येत नाही. भिंत नाही, कवच नाही, कडेलोट नाही. प्रकाशाची पोच हीच आपल्या आकाशाची मर्यादा, ही व्याख्या एका गणितज्ञाने सातव्या शतकात इतक्या स्वच्छपणे लिहून ठेवली, हे मला या सगळ्या कुळकथेतले सर्वांत मोलाचे वाटते.

आर्यभटानंतर आकडा वाढत गेला. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेत महायुगाऐवजी हजार महायुगांचे कल्प आले, कला १५ योजनांची झाली आणि खकक्षा १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनांवर गेली. आजच्या मापात तिची त्रिज्या अडीच हजार प्रकाशवर्षांच्या घरात येते, म्हणजे आकाशगंगेच्या केंद्रापर्यंतच्या वाटेचा दहावा हिस्सा. पौराणिकांना हा आकडा सोयीचा वाटला. कोणी म्हणे हाच ब्रह्मांडाच्या कवचाचा घेर, कोणी म्हणे लोकालोक पर्वताचा.

लीलावतीच्याच भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त या वादाचा निकाल लावला. ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह जेवढी योजने चालतो त्या चालीला पूर्वसूरींनी खकक्षा म्हटले, एवढेच आमचे मत, असा त्यांचा आशय आहे. त्यांच्या काळी ब्रह्मांडाबद्दल बोलायला कोणी मज्जाव करत नव्हते, उलट बोलले असते तर मान वाढला असता. तरी ते गणिताच्या पुढे एक पाऊल गेले नाहीत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापन केला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

विश्वाच्या कडेच्या प्रश्नाला नांदेड-लातूरच्या मुलखात दुसरेही एक उत्तर नांदत होते. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे स्वामी म्हणवत, आणि हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे मानले जाते. नांदेड जिल्ह्यातले कंधार हे त्यांचे महत्त्वाचे नगर. त्यांच्या अमलात जैन गणित भरभराटीला आले. अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि त्याआधी वीरसेनांनी ‘धवला’ टीका पूर्ण केली. जैन मतात विश्वाला निश्चित आकार आहे. हे विश्व म्हणजे लोक, तो चौदा राजू (जैन अंतरमाप) उंच, त्याच्याभोवती तीन वलये आणि त्यापलीकडे अनंत अलोक. अलोकात आकाश आहे, दुसरे काहीही नाही. गतीला आधार देणारे धर्मद्रव्य तिथे नसल्याने कोणी तिथे जाऊ शकत नाही. मुक्त झालेला जीवसुद्धा लोकाच्या माथ्यावर थांबतो. वीरसेनांनी या लोकाचे घनफळ ३४३ घनराजू यावे म्हणून आकाराचा बारकाईने खल केला. लोक मृदंगासारखा गोल मानला तर घनफळ निम्म्याहून कमी भरते, हे त्यांनी शंकूच्या तुकड्यांचे अखंड विभाजन करत दाखवले. श्रद्धेने दिलेल्या आकड्यासाठी केलेले हे गणित अस्सल आहे. ‘धवला’ शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती. १९३९ पासून ती हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली छापली जाऊ लागली, तीही आपल्या अमरावतीहून.

गोदावरीकाठी हा विचार पुढेही थांबला नाही. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या, तेव्हाच्या पार्थपुराच्या, ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिले आणि पुराणांचा भूगोल व सिद्धान्तांचे गणित यांचा मेळ घालायचा प्रयत्न केला. मेळ बसण्यासारखा नव्हता. पण शेवटचा शब्द कोणाचा, पोथीचा की मोजमापाचा, हा झगडा त्याच्या ग्रंथात उघड दिसतो.

आजचे खगोलशास्त्र काय म्हणते? विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. एवढ्या काळात ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढे आपले दृश्य विश्व. वाटेत अवकाश पसरत राहिल्याने त्याची त्रिज्या आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे आहे. प्रत्यक्ष दिसण्याची हद्द थोडी अलीकडे पडते, कारण पहिली सुमारे ३,८०,००० वर्षे विश्व अपारदर्शक होते आणि त्या काळातला प्रकाश सुटलाच नाही. या मर्यादेपलीकडे अशाच दीर्घिका असाव्यात, असे मानायला चांगला आधार आहे, कारण सगळ्या दिशांना विश्व मोठ्या मापात सारखेच दिसते. तिथल्या एखाद्या ग्रहावरून पाहणाऱ्याला त्याचे स्वतःचे दृश्य विश्व असेल, आणि आपण त्याच्या हद्दीबाहेर असू. एकूण विश्व सांत की अनंत, हे कोणत्याही मोजणीने ठरलेले नाही. पहिल्या भास्कराच्या विधानात सूर्याच्या जागी सारे तारे आणि किरणांच्या पोचेला काळाची अट घाला, की आजची व्याख्या होते. आकडे चुकले, त्याच्या विचाराची शिस्त अचूक होती.

आता प्रकाशावाचून पाहण्याची सोयही याच भागात होते आहे. नांदेडहून वसमतमार्गे गेले की औंढा नागनाथ लागते. त्या तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेझरचे किरण मागेपुढे धाडून कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेली लहर तिथे टिपली जाईल. दोन कृष्णविवरांच्या अशा टकरीतून प्रकाश सहसा निघतच नाही.

नांदेड आणि लातूरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. विश्वाच्या पलीकडे काय, असे वर्गातल्या पोराने विचारले तर त्याला गप्प करू नका आणि घाईने परदेशी पुस्तकही उघडू नका. आधी खकक्षेचा गुणाकार फळ्यावर करून दाखवा, मग पहिल्या भास्कराचे उत्तर सांगा, आणि जमेल तेव्हा वर्ग औंढ्याला न्या.