दऱ्या आणि दर्या

नाशिकच्या सायबर कॅफेतून मी एकदा कविता पाठवली. संपादकांच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता. तिथे नुसता इंग्रजी अक्षरांचा पाचोळा उतरला. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर मराठी आकार चढवीत, त्याचा हा परिणाम. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. पुढे विंडोज २००० आणि लिनक्सने ते स्वीकारले. ब्राउझरांतही मराठी दिसू लागली.

सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ आणि फारसीतून आलेला ‘दर्या’ यांत फरक एका अर्ध्या ‘र’चा. युनिकोडमध्ये खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला वेगळा क्रमांक आहे, म्हणून दरीचा समुद्र होत नाही. नवा संगणक घेताना लोक वेग विचारतात, मुले खेळ विचारतात. मी आधी हे दोन शब्द टाइप करून पाहतो.