भीड आणि सोबत

पुण्याचें स्वारगेट हें एस. टी. गाड्यांचें मोठें स्थानक. शिक्षणासाठीं घर सोडलेलीं कित्येक मुलें तेथें प्रथम उतरतात. नव्या शहरांत त्यांना पहिली गरज खोलीची आणि दुसरी मित्रांची. कोवळ्या वयांत पहिली सिगारेट किंवा पहिला पेला बहुधा मित्राच्याच हातून येतो. आवडीपेक्षां भिडेखातर घेतला जातो. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण उगाच पडलेली नाहीं.

व्यसनाशीं पुणें शहर दोन निरनिराळ्या रीतींनीं झुंजलें आहे. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखालीं मद्यपाननिषेधाची चळवळ उभी राहिली. स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे राहून येणाऱ्यांस परत फिरवीत. त्याच वर्षीं जूनमध्यें टिळकांना अटक झाली व पुढें सहा वर्षांची शिक्षा झाली. हा पहारा दुकानावर होता. मित्राच्या भिडेवर असा पहारा बसवितां येत नाहीं.

दुसरी रीत पाऊणशें वर्षांनंतर आली. १९८० नंतरच्या दशकांत 'गर्द' मुंबई-पुण्याच्या तरुणांत शिरली. डॉ. अनिल अवचट यांनीं त्यावर लेख लिहिले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. त्याची धुरा डॉ. सुनंदा अवचट यांनीं वाहिली. व्यसनांतून सुटलेले कित्येक जण तेथेंच कार्यकर्ते झाले. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य यांनीं एकमेकांच्या आधारानें दारू दूर ठेवली. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा उगम तोच. ज्या सोबतीनें माणूस बुडतो, तिच्याच बळानें तो तरतोही.

मग थोडक्या समुपदेशानें कांहीं साधतें काय? १९७७ सालीं लंडनच्या एडवर्ड्स व ऑरफर्ड प्रभृतींनीं शंभर विवाहित मद्यासक्त पुरुषांचा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहींना पूर्ण उपचार, इतरांना एकाच बैठकींतील सल्ला मिळाला. वर्षानंतर दोहोंत लक्षणीय अंतर दिसलें नाहीं. हे प्रौढ पुरुष होते, हें मात्र विसरूं नये. मुलांवर अशा बैठकींचा परिणाम बेताचाच होतो; परंतु व्यसन जडण्यापूर्वीं बेताचा परिणामही मोलाचा असतो.

अशा बैठकींत उपदेश नसतो, प्रश्न असतात. देऊं करतो कोण? कोणत्या वेळीं? नाहीं म्हटल्यास कशाची भीति वाटते? नकाराचीं दोन वाक्यें मुलाकडूनच घडवून, तीं म्हणून पाहिलीं जातात. कारण ऐन वेळीं शब्द सुचत नाहींत. शिवाय 'सगळेच घेतात' ही त्याची समजूत बहुधा अतिशयोक्त असते, तीही तपासली जाते. एक सावधगिरी मात्र हवी. बिघडलेलीं मुलेंच एकत्र बसविल्यास तीं परस्परांना अधिक बिघडवूं शकतात, असा इशारा १९९९ सालीं डिशन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिला.

घरच्यांनाही यांत काम आहे. मुलाच्या गुणांची चौकशी घरोघर होते. त्याच्या मित्रांचीं नांवें तितक्याच आपुलकीनें विचारलीं जावींत, आणि तीं मोकळेपणीं सांगतां येतील असें घर असावें.