रिकाम्या पायऱ्यांची दोन वर्षे

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत फुटबॉलवरचा लेख कशाला, असा प्रश्न बाहेरगावच्या एखाद्या वाचकाला पडू शकेल. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तो पडू नये. चवथीची आरती आणि फुटबॉलचा सामना, दोन्ही गोष्टींना इथे माणसे जमावी लागतात. २०२० साली हे जमणेच बंद झाले, आणि ज्या कायद्याच्या आधाराने ते बंद झाले तो कायदा जवळजवळ सार्वजनिक गणेशोत्सवाच्याच वयाचा आहे.

टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ साली. तीन वर्षांनी मुंबईत प्लेग आला आणि १८९७च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात त्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजिरांनी घरांत शिरून जी झडती चालवली, तिचा शेवट रँडच्या वधात झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. टिळकांनी त्याच काळात पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालयही उभे करवले होते, हे मात्र कमी सांगितले जाते. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे तो कायदा इथे नव्हता. पण ११ मार्च २०२० रोजी केंद्राने सर्व राज्यांना याच जुन्या कायद्याचा आधार घ्यायला सांगितले, आणि तीनच दिवसांनी त्याचे परिणाम फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये दिसले.

फुटबॉल गोव्यात आला १८८३च्या सुमारास. शिवोलीला आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो आणला असे मानले जाते. चर्चच्या शाळांतून तो गावागावांत गेला आणि भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत रुजला. आपले आजोबा-पणजोबा कुणी बंदरात, कुणी खाणीवर, कुणी शिक्षक म्हणून इथे आले. क्रिकेटचे वेड त्यांनी सोबत आणले होते, पण संध्याकाळी पोरे मैदानात शिरली ती फुटबॉलच्या मागे. साळगावकर, वास्को, धेंपो, चर्चिल ही नावे घरात नातेवाइकांच्या नावांसारखी घेतली जाऊ लागली. १९८४ साली ब्रह्मानंद शंखवाळकरच्या नेतृत्वाखाली गोव्याने एकही गोल न खाता संतोष करंडक जिंकला. त्या विजयाचा आनंद मराठी, कोंकणी, हिंदू, ख्रिस्ती असा वाटून घ्यावा लागला नाही. तो एकच होता. २०१२ साली सरकारने फुटबॉलला राज्याचा क्रीडाप्रकार म्हणून जाहीर केले, तेव्हा लोकांनी फार पूर्वी ठरवलेल्या गोष्टीवर फक्त शिक्का बसला.

आता १९ फेब्रुवारी २०२० या तारखेकडे येऊ. त्या रात्री एफसी गोवाने जमशेदपूरला ५-० असे हरवून साखळीतील पहिले स्थान पक्के केले. संघाचा हंगामी प्रशिक्षक गोव्याचाच क्लिफर्ड मिरांडा होता. या विजयाने एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा भारतातला पहिला संघ ठरला. त्याच तारखेला इटलीत, मिलानच्या सान सिरो मैदानावर, बेर्गामो गावचा अटलांटा हा संघ स्पेनच्या वॅलेन्सियाशी खेळत होता. बेर्गामोची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास, आणि मैदानात ४४ हजारांहून अधिक प्रेक्षक. गावच्या इतिहासातला सर्वांत मोठा सामना म्हणून लोक बसगाड्या भरून गेले होते. अटलांटाने ४-१ असा विजय मिळवला, आणि गळाभेटी घेत लोक घरी परतले. महिन्याभरात बेर्गामोच्या रस्त्यांवरून शवपेट्या नेणारे लष्कराचे ट्रक साऱ्या जगाने पाहिले. या सामन्याने साथ पसरायला हातभार लावला, असे तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितले.

त्या लोकांचा दोष काय होता? आपल्या संघाच्या आनंदात ते एकत्र आले, एवढाच. मात्र पुढे त्याच गावात तात्पुरते रुग्णालय उभारायची वेळ आली, तेव्हा अटलांटाचे कट्टर पाठीराखे स्वयंसेवक म्हणून कामाला लागले. वॅलेन्सियातल्या परतीच्या सामन्याला प्रेक्षकांना बंदी झाली, तेव्हा अनेकांनी तिकिटाचे पैसे परत न घेता रुग्णालयाला दिले. मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला, त्याच जातीचे हे काम. जमायची सवय असलेली माणसे मदतीलाही लवकर जमतात.

फातोर्ड्याला साथीची पहिली झळ लागली १४ मार्च २०२० रोजी. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना तिथे ठरला होता. तो झाला, पण प्रेक्षकांविना. कोलकात्याच्या एटीकेने चेन्नईयनला ३-१ असे हरवले आणि करंडक रिकाम्या पायऱ्यांसमोर उंचावला गेला. दहा दिवसांत देश बंद झाला. जूनच्या सुरुवातीला वास्कोचा मांगोर हिल भाग प्रतिबंधित क्षेत्र झाला. ऑगस्टमध्ये चवथ आली, ती घरच्या चार माणसांची. माटोळी बांधली गेली, पण आरतीला शेजारी आले नाहीत, आणि मुंबई-पुण्याचे नातेवाईक मोबाइलच्या पडद्यावर टाळ्या वाजवत होते.

अशा वेळी फुटबॉल सुरू करावा का, यावर जगभर वाद झाला. लिव्हरपूलचा प्रशिक्षक युर्गन क्लॉप याने मार्चमध्येच पाठीराख्यांना कळवले होते की त्यामुळे एक जरी माणूस निरोगी राहणार असेल तर सामने थांबलेच पाहिजेत. मे महिन्यात जर्मनीने रिकाम्या मैदानांत लीग पुन्हा सुरू केली. एका क्लबने खुर्च्यांवर प्रेक्षकांची पुठ्ठ्याची चित्रे उभी केली. एक गोष्ट तिथे लक्षात आली: प्रेक्षक नसताना घरच्या संघाचे विजय घटले. पायऱ्यांवरची आरडाओरड खेळाडूंच्या पायांत आणि पंचाच्या शिट्टीतही उतरते, हे जुन्या लोकांचे म्हणणे आकड्यांनी खरे ठरवले.

मग २० नोव्हेंबर २०२० रोजी सुपर लीगचा सातवा हंगाम सुरू झाला, आणि तो सगळाच्या सगळा गोव्यात. ११ संघ, ११५ सामने आणि तीनच मैदाने: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. संघ हॉटेलांत बंदिस्त, वारंवार चाचण्या, बाहेरच्या माणसाशी संबंध नाही. यालाच बायोबबल म्हणत. साथ आल्यानंतर देशात झालेली ही पहिली मोठी क्रीडास्पर्धा.

आमच्यात तेव्हा सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे होते की पर्यटन बसले आहे, हॉटेले ओस पडली आहेत, निदान स्वयंपाकी, चालक, सफाई कामगार यांच्या हाताला काम मिळेल. शिवाय घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी पाहायला काहीतरी होईल. दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता: देशभरचा फुटबॉल आपल्या दारात आला, आणि आपल्यालाच दार बंद? गावच्या पोरांना मैदानात उतरायची मुभा नाही, आणि पाहुण्यांसाठी तीन मैदाने? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. म्हणूनच तो वाद कधी मिटला नाही.

त्या हंगामातला एक सामना इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. २७ नोव्हेंबर २०२० रोजी टिळक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची सुपर लीगमधली पहिली लढत झाली. १९९७ साली कोलकात्यात याच दोन संघांच्या सामन्याला १ लाख ३१ हजारांवर प्रेक्षक होते. ईस्ट बंगालचे ते शताब्दी वर्ष, आणि सामना वास्कोत, आपल्या बाजाराच्या हाकेच्या अंतरावर. पायऱ्यांवर कुणीही नाही. मोठ्या पडद्यांवर घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले जात होते. ज्या माणसाने लोकांना देवघरातून मांडवात आणले, त्याचे नाव असलेल्या मैदानावर माणसांना पडद्यावरून हजेरी लावावी लागली. पुढे १३ मार्च २०२१ रोजी मुंबई सिटीने फातोर्ड्यात आपला पहिला करंडक जिंकला, तोही असाच, निःशब्द मैदानात.

दूरचित्रवाणीच्या हिशेबाने हंगाम यशस्वी झाला. पण मैदानाबाहेरचा हिशेब कुणी मांडला नाही. सामन्याच्या दिवशी रस-ऑम्लेटचा गाडा लावणारा, चण्याच्या पुड्या विकणारी बाई, झेंडे आणि टोप्या विकणारा पोरगा, गावच्या स्पर्धांत मानधनावर शिट्टी वाजवणारा पंच, ही सगळी माणसे पायऱ्यांवरच्या गर्दीवर जगतात. गावोगावच्या स्पर्धा थांबल्या. जी मुले त्या वेळी बारा-तेरा वर्षांची होती, त्यांची शिकायची दोन वर्षे गेली.

मुलींचे नुकसान तर मोजता येण्यासारखे आहे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक नोव्हेंबर २०२०मध्ये भारतात व्हायचा होता. तो आधी २०२१वर ढकलला गेला, आणि मग रद्द झाला. तो रद्द झाल्याचे जाहीर झाले तेही नोव्हेंबर २०२०मध्येच, म्हणजे गोव्यात पुरुषांची लीग बायोबबलमध्ये सुरू झाली त्याच महिन्यात. २०२२ साली भारताला तो पुन्हा मिळाला आणि त्याचे काही सामने फातोर्ड्यालाही झाले. पण २०२०साठी २००३नंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या, आणि २०२२साठी जन्म २००५नंतरचा हवा होता. दोन वर्षे घाम गाळलेल्या २००३ आणि २००४च्या मुली वयाने बाहेर पडल्या. स्पर्धा पुढे ढकलता येते, वय ढकलता येत नाही.

सर्वांत विचित्र होता तो एप्रिल २०२१. एफसी गोवाने जी आशियाई स्पर्धा कमावली होती, तिचे त्यांच्या गटाचे सगळे सामने फातोर्ड्यातच ठरले. १४ एप्रिलला कतारच्या अल रय्यानशी ०-० बरोबरी, १७ला अमिरातीच्या अल वाहदाशी पुन्हा ०-०. २० तारखेला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने या स्पर्धेच्या गटसाखळीतला भारतीय क्लबचा पहिला गोल केला. सामना १-२ असा गेला, पण गोव्याच्या फुटबॉलने इतकी उंची पूर्वी पाहिली नव्हती. पाहायला घरचा एकही प्रेक्षक मैदानात नव्हता.

त्याच आठवड्यात, १८ एप्रिलला, युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. वर्षभर रिकाम्या मैदानांत खेळून पैसा पडद्यावरून येतो हे त्यांना दिसले होते. मग पाठीराख्यांना विचारायची गरज काय, असा त्यांचा हिशेब असावा. इंग्लंडमध्ये लोक रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत तिथले सहाही क्लब मागे फिरले. मैदानात जायला बंदी असलेल्या प्रेक्षकांनी मैदानाबाहेर उभे राहून खेळावरचा आपला हक्क सांगितला.

इथे मात्र त्या आनंदाला किंवा रागाला जागा उरली नव्हती. २९ एप्रिलला एफसी गोवाचा गटातला शेवटचा सामना झाला, आणि त्याच संध्याकाळपासून राज्यात टाळेबंदी लागली. मे महिन्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राणवायूच्या तुटवड्याचा आणि पहाटेच्या मृत्यूंचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. हिवाळ्यात ज्या बांबोळी मैदानावर दिवे झगमगत होते, ते त्याच महाविद्यालयाच्या नावाने ओळखले जाते. ज्या घरांतली माणसे त्या दिवसांत गेली, त्यांच्यापुढे गोल-बरोबरीची भाषा थांबते.

साथ सरल्यावर खेळ परत येतो, हे मात्र इतिहासात पूर्वीही दिसले आहे. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने दक्षिण अमेरिकेची फुटबॉल स्पर्धा एक वर्ष पुढे गेली. १९१९च्या मे महिन्यात ती रिओमध्ये झाली, आणि ब्राझील-उरुग्वेचा निर्णायक सामना १५० मिनिटे चालला. माणसे गमावलेले शहर मैदानाकडे लोटले होते. आपल्याकडे तो दिवस उजाडला २० मार्च २०२२ रोजी. सुपर लीगच्या अंतिम सामन्यासाठी फातोर्ड्याचे दरवाजे पूर्ण उघडले. केरळहून आलेल्या पिवळ्या सदऱ्यांनी मडगाव भरून गेले. पेनल्टीवर जिंकला हैदराबादचा संघ, आणि तीन फटके अडवणारा त्यांचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी गोव्याचा होता.

मोठी मैदाने अशी भरली. त्यांच्यामागे पैसा होता, दूरचित्रवाणी होती. गावच्या मैदानामागे यांतले काहीच नाही. त्याच्यामागे फक्त त्या गावची माणसे असतात. मंडळांचेही तसेच आहे. घरबसल्या सामना आणि घरबसल्या आरती दोन्ही पाहता येतात, ही सवय साथीने लावली, आणि ती साथीबरोबर गेलेली नाही. म्हणून या वर्षीच्या विसर्जनानंतर पाऊस उघडला, शेते सुकली आणि गावच्या स्पर्धेचा ध्वनिक्षेपक वाजू लागला, की आपल्या मुलामुलींना घेऊन तिथे जाऊ या. तिकीट फार नसते. रस-ऑम्लेटचा गाडाही बहुधा तिथेच लागलेला असतो.

गणपती बाप्पा मोरया!