एकतीस बिटांचं कूळ
तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीतल्या मोडी कागदांची बाडंच्या बाडं आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेला हा संग्रह 1918 साली सर्वांना खुला झाला. असं एखादं बाड स्कॅन करायचं तर हिशेब मांडून बघा. ए-फोर पान, 300 डीपीआय, रंगीत, कॉम्प्रेस न केलेलं: पानामागे 2,60,99,520 बाइट. सगळी पानं एकाच टार फाइलीत बांधायला घेतली, तर जुन्या 32 बिटी लिनक्सवर 82 पानं बिनबोभाट बसतील आणि त्र्याऐंशीवं लिहिताना ‘फाइल टू लार्ज’ येईल. डिस्क अर्धी रिकामी का असेना.

2,14,74,83,647 बाइटांच्या या हद्दीचं मूळ बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये सापडतं. पीडीपी-11 यंत्राचा पूर्णांक 16 बिटी. ‘फाइलीत अमुक ठिकाणी ने’ असं प्रोग्राम कर्नलला ‘सीक’ या सिस्टीम कॉलने सांगे. 16 बिटांत 65,536 बाइटांपलीकडचा पत्ता मावेना, म्हणून 512 बाइटांच्या उड्या मोजायची सोय होती. 1979 च्या सातव्या आवृत्तीत ‘एलसीक’ आला आणि पत्ता 32 बिटी झाला. त्यातलं एक बिट मात्र अधिक-उण्याच्या चिन्हाला द्यावं लागलं. फाइलीत मागेही सरकावं लागतं, शिवाय काम फसलं की हा कॉल उणे एक परत करतो. हातात उरली 31 बिटं.

डिस्क मोठ्या झाल्या तेव्हा कर्नलला 64 बिट शिकवणं जमण्यासारखं होतं. अडचण होती आधीच कंपाइल होऊन बसलेल्या प्रोग्रामांची. फाइलीच्या लांबीसाठी त्यांनी चारच बाइट राखलेले. तिथे आठ ओतले तर शेजारची माहिती चिरडणार. 1995-96 च्या ‘लार्ज फाइल समिट’मध्ये संगणक कंपन्यांनी तोड काढली: मोठी फाइल झेपणाऱ्या प्रोग्रामने उघडतानाच तसं कळवायचं. न कळवणाऱ्याला कर्नल मोठी फाइल उघडूच देत नाही. हा आडमुठेपणा मला तरी रास्त वाटतो. चुकीची लांबी सांगून पुढचा घोळ घालण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही सोय 2001 च्या 2.4 पासून स्थिरावली, पण जुने प्रोग्राम ‘फाइल ऑफसेट बिट्स’ 64 करून पुन्हा कंपाइल करावेच लागले.

म्हणून दुरुस्तीला बसताना आधी नकार कोणाचा ते पाहावं. ‘एसट्रेस’ लावला की कुठला कॉल अडला ते दिसतं. ‘व्हॅल्यू टू लार्ज’ असेल तर प्रोग्राम जुना. ‘फाइल साइज लिमिट एक्सीडेड’ म्हणत प्रोग्राम मेला, तर ‘यूलिमिट’ची मर्यादा तपासा. आणि पेन ड्राइव्हवर 164 पानांनंतर गाडी अडली, तर तो फॅट32. त्यानेही चारच बाइट ठेवले, फक्त चिन्ह वगळलं, म्हणून त्याची हद्द 4,29,49,67,295. तिथे प्रोग्राम कितीही कंपाइल करा, उपयोग नाही. टारचे तुकडे करा, नाहीतर ड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या. फॉरमॅट करण्याआधी आतली पानं तेवढी दुसरीकडे उतरवा.