शब्दप्रमाण आणि पंडिता रमाबाई



सन १८०० मध्यें एडवर्ड मूर नांवाचा कंपनी सरकारच्या फौजेंतील एक अधिकारी चिंचवडास आला. त्याला पाहावयाचें होतें तें देऊळ नव्हे, तर माणूस. मोरया गोसाव्यांच्या वंशांत सात पिढ्यांपर्यंत श्रीगजाननाचा अंश वास करील, अशी भाविकांची श्रद्धा होती. आणि त्या श्रद्धेनें लोक त्या घराण्यांतील 'देवां'च्या दर्शनास जात. मूरनें लिहिलेली ही हकीकत पुढल्याच वर्षीं 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडांत छापून आली.

मूरला जें नवल वाटलें त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न त्याच्या स्वतःच्या धर्मांतही सुटलेला नव्हता. सत्य कोणाच्या मुखानें बोलतें? परंपरेनें चालत आलेल्या अधिकारी पुरुषाच्या, कीं ग्रंथाच्या? ख्रिस्ताच्या शिष्यांपासून बिशपांच्या हस्तस्पर्शानें अधिकार पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे, असें रोमची मंडळी मानते. उलट, माझी चूक शास्त्रवचनांवरून दाखवून द्या, असें लूथरनें १५२१ मध्यें वर्म्सच्या सभेंत सांगितलें. आपल्या नैयायिकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर आप्त कोण, हा तो वाद होय.

मराठी माणसाच्या आयुष्यांत हा वाद सर्वांत तीव्रपणें भोगला गेला तो चिंचवडाहून फार दूर नव्हे. चिंचवड स्थानकावरून जाणारी आगगाडी पुणें ओलांडून दौंडच्या रोखानें निघाली कीं वाटेंत केडगांव लागतें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथलें.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि आईनें तें रमेला दिलें. पुराणें सांगत हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. ग्रंथांत सांगितलेलीं व्रतें, दानें, उपवास, सारें करून झालें होतें. अन्न मात्र मिळालें नव्हतें. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच शहरीं केशवचंद्र सेनांनीं त्यांना विचारलें, वेद वाचले आहेत काय? स्त्रियांना तो अधिकार नाहीं, असें या विदुषीनें उत्तर दिलें. सेनांनीं वेदाची प्रत त्यांच्या हातांत ठेवली. पुढें धर्मशास्त्रें वाचतांना त्यांना आढळलें कीं, हे ग्रंथ इतर बाबतींत परस्परांशीं भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयीं मात्र त्यांचें एकमत आहे. हें त्यांनीं १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनांत नमूद केलें आहे. त्यांच्या या निष्कर्षाशीं सर्वच संस्कृतज्ञ सहमत होणार नाहींत; परंतु तो ऐकीव नव्हता, वाचून काढलेला होता, हें विसरतां येत नाहीं.

१८८३ मध्यें त्या इंग्लंडांत वाँटेज येथील जोगिणींच्या मठांत गेल्या, आणि २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. आतां वाद मिटला, असें मठांतील मंडळींस वाटलें असावें. तो तेथेंच पेटला. त्रैक्याचें तत्त्व, अथनासियसच्या नांवानें चालणारें श्रद्धासूत्र, चमत्कार, या सर्वांविषयीं रमाबाई आधार मागूं लागल्या. सिस्टर जेराल्डिन यांचें म्हणणें असें, कीं ग्रंथाचा अर्थ मंडळीनें ठरवावा आणि नवशिष्येनें नम्रपणें तो घ्यावा. रमाबाईंचें म्हणणें असें, कीं स्वदेशांतील पुरोहितांचें जूं महत्प्रयासानें उतरविलें तें दुसऱ्या पुरोहितांचें जूं मानेवर घेण्यासाठीं नव्हे. त्यांनीं पुरुषांना शिकवावें, अशी सूचना निघाली तेव्हां हिंदुस्थानांतील बिशपांनीं हरकत घेतली. त्यामुळें ही ठिणगी अधिकच भडकली. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनीं मात्र त्यांच्या शंका अधिक धीरानें ऐकून घेतल्या. गंमत अशी, कीं हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनींच जपून ठेवला आणि १९७७ मध्यें तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानें प्रसिद्ध केला, संपादक अ. भि. शहा, म्हणजे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक!

रमाबाई व्यक्तीचा अधिकार मुळींच मानीत नसत, असें मात्र नव्हे. काशींत वाढलेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, हें त्या मोकळेपणानें सांगत. एका शास्त्र्याच्या लेकीला दुसऱ्या शास्त्र्याची भाषा समजली.

आतां एक अवघड प्रश्न. वाँटेजमध्यें जें स्वातंत्र्य रमाबाईंनीं स्वतःसाठीं मागितलें, तें त्यांनीं आपल्या आश्रयास आलेल्या मुलींना दिलें काय? १८९३ मध्यें शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती वळण पडत आहे, या कारणावरून न्यायमूर्ति रानडे व भांडारकर यांनीं त्या संस्थेचा संबंध सोडला. हे दोघे त्यांचे शत्रु नव्हते. सदनांतील खोलींत आपण प्रार्थना करतों, दार बंद करीत नाहीं, ज्या मुलीला यावेंसें वाटेल ती येते, असें रमाबाईंचें समर्थन असे. पुढें दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों पोरक्या मुली केडगांवीं वाढल्या. भुकेल्या पोराला दार उघडें असणें आणि निवड असणें या एकच गोष्टी नव्हेत, असें मला वाटतें. रमाबाईंना हा भेद जाणवला असता तरी आपल्याला सांपडलेलें सत्य झांकून ठेवणें त्यांना पाप वाटलें असतें.

त्या सत्याची किंमत त्यांनीं स्वतः कशी दिली, तें केडगांवच्या छापखान्यांत पाहावें. मराठी बायबल तेव्हां नवें नव्हतें. १८११ मध्यें श्रीरामपूरच्या कॅरीचा मराठी नवा करार निघाला होता, आणि पुढें अमेरिकन मिशननें संपूर्ण ग्रंथ मराठींत आणला होता. परंतु संस्कृतप्रचुर भाषा खेड्यांतल्या बाईला कळत नाहीं, आणि संस्कृत शब्द आपल्याबरोबर आपला जुना अर्थ घेऊन येतात, हें रमाबाईंइतकें कोणास ठाऊक असणार? 'आत्मा' म्हटलें कीं वेदांत ऐकलेल्या माणसाला वेदांतच आठवतो. मग शब्द प्रमाण मानावयाचा, पण कोणता शब्द? म्हणून त्या उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सारा ग्रंथ मुळावरून सोप्या मराठींत उतरवावयास बसल्या. (घराचें नांव मात्र 'मुक्ति' हेंच राहिलें. तो शब्द कांहीं त्यांना टाकवला नाहीं.) खिळे जुळविणें, मुद्रितें तपासणें, छापणें, बांधणें, हीं कामें सदनांतील मुली व बायका करीत. त्यांतल्या पुष्कळजणींना केडगांवीं येण्यापूर्वीं अक्षर ओळखतां येत नव्हतें.

नवा करार १९१३ मध्यें निघाला. जुलै १९२१ मध्यें मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितें पाहतच राहिल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्यें. प्रार्थनामंदिरांतून मात्र पुढेंही बायबल सोसायटीचेंच भाषांतर वाचलें जात राहिलें.