देवांचे अर्थांतर : शक्र, हारिती आणि विष्णू

देव ही माणसाची निर्मिती होय, हे एकदा मान्य केले म्हणजे देवांनाही इतिहास असतो हे मान्य करावे लागते. ज्या समाजाने देव निर्माण केला त्या समाजाच्या गरजा बदलल्या की देव बदलतो. आणि तो दुसऱ्या समाजात गेला की त्याचे नाव, रूप व कार्य हीही बदलतात. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रकाशित केलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणांनी आपल्याच देवांचा उत्कर्ष आणि अपकर्ष का घडवून आणला, असा प्रश्न उपस्थित केला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाची पुढची बाजू पाहणार आहोत. हेच देव बौद्ध जगात शिरले तेव्हा त्यांचे काय झाले?

हा विषय घेण्यास कारण आहे. अजिंठा पाहावयास गेलेल्या आमच्या बांधवांना तेथील देवतांच्या आकृती दाखवून 'बौद्धही देव मानीतच होते, मग तुमचे वेगळेपण ते काय?' असे विचारले जाते. याचे उत्तर इतिहासाच्या आधारेच द्यावयास हवे.

पुरंदराचा सक्क

ऋग्वेदातील १०२८ सूक्तांपैकी सुमारे २५० सूक्ते इंद्राची आहेत. तो सोम पिणारा, वृत्राला मारणारा आणि शत्रूंची पुरे फोडणारा, म्हणून 'पुरंदर' आहे. पालि वाङ्मयात हाच देव सक्क म्हणजे शक्र या नावाने येतो. संयुत्तनिकायाने त्याच्या जुन्या बिरुदाचा अर्थच बदलून टाकला आहे. तेथे तो 'पुरिंदद' आहे आणि त्याचा अर्थ नगरोनगरी दान देणारा असा सांगितला आहे. सक्काला देवपद मिळाले तेही पूर्वीच्या मनुष्यजन्मी पाळलेल्या सात व्रतांमुळे : आईवडिलांचे पोषण, वडीलधाऱ्यांचा आदर, मृदू वाणी, चहाडीचा त्याग, दातृत्व, सत्य आणि अक्रोध. त्या जन्मी त्याचे नाव मघ होते आणि त्याने सोबत्यांसह रस्ते व धर्मशाळा बांधल्या, असे अट्ठकथा सांगतात. असुरांशी लढताना रथाच्या धडकेने पक्ष्यांची घरटी मोडतील म्हणून प्राणांची पर्वा न करता रथ मागे फिरविणारा सक्क पुरे फोडणाऱ्या इंद्रापासून किती दूर आला आहे, हे वेगळे सांगावयास नको.

असा हा सक्क दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात तथागतांकडे शंका घेऊन येतो. सर्व प्राणी वैराविना जगू इच्छितात, तरी वैरातच का जगतात? ईर्ष्या व मात्सर्य यांमुळे, असे उत्तर त्याला मिळते. येथे देव विद्यार्थी आहे आणि मनुष्य त्याचा गुरू आहे.

ब्रह्म्याची गोष्ट याहून बोलकी आहे. ब्रह्मजालसुत्तानुसार एक जीव रिकाम्या विमानात एकटा जन्मतो आणि सोबतीची इच्छा करतो. पुढे इतर जीव तेथे येतात, तेव्हा 'यांना मीच निर्माण केले' असे तो समजतो, आणि येणारेही तसेच मानतात. सृष्टिकर्त्याची कल्पना कशी जन्मते याचे हे उत्कृष्ट विवेचन होय. केवट्टसुत्तात तर चार महाभूते कोठे निरुद्ध होतात हे विचारणाऱ्या भिक्खूला महाब्रह्मा बाजूला नेतो, आपणास ते ठाऊक नसल्याची कबुली देतो आणि तथागतांकडे जाण्यास सांगतो.

भारताबाहेरचा प्रवास

अफगाणिस्तानातील जलालाबादजवळ बिमारान येथे सापडलेला सुवर्णकरंडक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर मध्यभागी बुद्ध आणि दोन्ही बाजूंस ब्रह्मा व शक्र नमस्कार करीत उभे आहेत. गांधारच्या शिल्पकारांनी बुद्धासोबतच्या वज्रपाणीला ग्रीक वीर हेराक्लीसचे सिंहाचे कातडे चढविले. ब्रह्मदेशात शक्र 'थाज्यामिन' झाला आणि स्थानिक ३७ नातांच्या प्रमुखपदी बसला. नववर्षाच्या सणात तो पृथ्वीवर येऊन माणसांच्या बऱ्यावाईट कृत्यांची नोंद करतो, अशी तेथील समजूत आहे. जपानमध्ये तो 'ताइशाकुतेन' व ब्रह्मा 'बोनतेन' आहे. क्योतो येथील तोजी विहारात इ. स. ८३९ मध्ये प्रतिष्ठापित झालेल्या मूर्तिसमूहात हे दोघेही आहेत.

देवतांच्या या परिवर्तनाचे ठसठशीत उदाहरण अजिंठ्याच्या लेणी क्र. २ मध्ये दिसते. हारिती ही राजगृहाची मुले खाणारी यक्षिणी. तिला स्वतःची पाचशे मुले होती. तथागतांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती व्याकूळ झाली, तेव्हा एक मूल हरवल्याचे तुझे हे दुःख, मग ज्यांची एक-दोनच मुले तू नेलीस त्यांचे काय, असे तिला विचारले. ती बदलली आणि मुलांची रक्षक झाली. अजिंठ्यास ती पंचिकासह बसली आहे आणि खाली मुलांची शाळा कोरली आहे. सातव्या शतकातील चिनी प्रवासी इत्सिंग याने भारतीय विहारांत भोजनगृहाजवळ तिची प्रतिमा असे, अशी नोंद केली आहे. जपानमध्ये ती 'किशिमोजिन' आहे. तिची कथा सांगते ती दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखावरून ओळखण्याची गोष्ट.

एकच विष्णू, दोन अर्थ

महावंसात तथागत लंकेचे रक्षण शक्राकडे सोपवितात व शक्र ते उप्पलवण्ण देवाकडे देतो. पुढे सिंहली परंपरेने या देवास विष्णू मानले. म्हणून कँडी येथे दंतधातूच्या विहारासमोर विष्णूचे देवालय आहे. तेथे विष्णू हा बुद्धशासनाचा सेवक आहे. भारतात नेमके उलट झाले. विष्णुपुराणात विष्णूपासून निर्माण झालेला मायामोह असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करतो, आणि भागवत पुराण देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी बुद्ध कीकट देशात जन्मतो असे सांगते. पुढे जयदेवाने बाराव्या शतकात पशुहिंसेचा निषेध करणारा म्हणून बुद्धाची स्तुती केली, परंतु अवतारांच्या रांगेत उभे करूनच.

ही दोन अर्थांतरे सारखी मानता येणार नाहीत. पहिल्यात देव नीतीखाली येतो. दुसऱ्यात वेदप्रामाण्य, यज्ञ व जन्मश्रेष्ठत्व नाकारणारा मनुष्य देवाचा अंश ठरतो आणि त्याचा विरोध फसवणूक ठरविला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतारकल्पनेच्या निषेधास स्वतंत्र स्थान का मिळाले, ते यावरून समजते.

तथापि बौद्ध देशांत सारे निर्दोष राहिले, असेही आम्ही म्हणत नाही. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये बँकॉक येथे एरावण हॉटेलच्या बांधकामातील अपघात टळावेत म्हणून ब्रह्म्याची मूर्ती स्थापन झाली. तेथे आजही लोक नवस फेडण्यास जातात. केवट्टसुत्तात ज्याने अज्ञान कबूल केले, त्याच्याकडेच लोक मागणे मागत आहेत! सेवक म्हणून आत आलेला देव हळूहळू मालक होतो, हा धोका बाबासाहेबांनी ओळखला होता. म्हणूनच त्यांनी देवांचे नवे अर्थ लावीत न बसता देवपूजाच वर्ज्य केली.

तेव्हा लेण्यांतील आकृती पाहून संकोच करण्याचे कारण नाही आणि हात जोडण्याचेही नाही. त्या कोण आहेत, कोठून आल्या आणि कोणापुढे नम्र झाल्या आहेत, हे आमच्या मुलांना तेथे उभे राहून सांगता आले पाहिजे. त्यासाठी लेण्यांच्या सहलीपूर्वी प्रत्येक विहारात दीघनिकायातील ही तीन सुत्ते वाचली जावीत, असे आम्हांस वाटते.