सहा हजार फुटांची अट

दूर पल्ल्याच्या खासगी जेट विमानाची थोरवी त्याच्या आकड्यांवरून सांगण्याचा प्रघात आहे. २५ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत प्रथम उडालेल्या ‘गल्फस्ट्रीम जी-६५०’चे आकडेही दिपविणारेच होते : ऐसपैस कक्ष, दोन रोल्स-रॉईस इंजिने आणि विनाथांबा सुमारे तेरा हजार किलोमीटरांचा पल्ला. शिवाय, इंधनाने जड झालेल्या या विमानाने सहा हजार फुटांतच उड्डाण साधावे, असे उद्दिष्ट होते.

धावपट्टी आखूड हवी, तर कमी वेगातच जमीन सोडली पाहिजे. परंतु जमिनीलगत पंखाची उचल नेमकी किती कलाला ढासळते, हा अंदाजच चुकला होता. पूर्वीच्या दोन चाचण्यांत विमान अवचित उजवीकडे कलले. त्या इशाऱ्याचा अर्थ वेळीच उमगला नाही. २ एप्रिल २०११ रोजी न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे, एक इंजिन निकामी झाल्याचे गृहीत धरून उड्डाण करताना उजवा पंख धावपट्टीला घासला, विमान पेटले, आणि दोन वैमानिक व दोन अभियंते प्राणास मुकले.

पुढे उड्डाणवेग वाढविण्यात आला. सप्टेंबर २०१२ मध्ये विमानास प्रमाणपत्र लाभले. आज त्यातून सुखाने समुद्र ओलांडणाऱ्यांच्या सुरक्षिततेमागे त्या चौघांचे मोल आहे.